गुडघा, उजवा

दांडिया बाजारातल्या माझ्या दवाखान्याच्या पाटीवर
तो पहिल्या दिवशी बोट ठेवून थांबला.
तांबे म्हणजे?
मी सांगितलं, कॉपर.
तो इतका हसला की काउंटरवरची हेतल उठून आली.
"माझ्या बापानं किटवेच्या खाणीत
एकतीस वर्षं तुमचं आडनाव खणलं."

नाव फॅक्सन चिलेशे.
कागदावर वय छत्तीस, जन्म एक जानेवारी.
मी मान वर केली तर म्हणाला,
मिशनच्या शाळेत मास्तरांना घाई होती.
माझे बाबाही एक जूनचेच,
त्यांच्या वर्गातली आणखी बावीस पोरंही.
गुडघ्याला मात्र मास्तर नसतो.
फिल्म दिव्याला लावली, त्यानं खरं काय ते सांगितलं.
ते मी फाइलमध्ये लिहिलं नाही.

मला पाय वाचता येतात, बाकी फुटबॉलमधलं
काही कळत नाही.
नडगीतली पट्टी लुबुम्बाशीची.
घोट्यातला स्क्रू मस्कतचा, जिथल्या क्लबनं
ऑपरेशनचे पैसे भरले आणि पगार बुडवला.
भुवईवरचे चार टाके ढाक्याचे, चिखलातले.
मग मडगाव, दोन हंगाम, दुसऱ्यात बाकावर.
मग हे: मकरपुऱ्यातल्या पाइपवाल्या शेठची टीम,
सामन्यागणिक पैसे, जिंकलात तर वर जेवण.

आणि देशाकडून?
त्रेपन्न.
त्याची खूण कुठे, ते त्यानं दाखवलं नाही.
एवढंच म्हणाला, पहिल्या सामन्यात
अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला आत गेलो,
दोनदा चेंडूला पाय लागला.
ते दोन्ही वेळा आठवतात.
पुढच्या बावन्नांतलं इतकं नाही.

पाय उचलायचा, धरायचा, खाली.
मी मराठीत मोजते, तो बेम्बात:
चिमो, फिबिली, फितातु, फिने, फिसानो.
पाचानंतर नवा आकडा नाही त्याच्याकडे.
पाच आणि एक.
पाच आणि दोन.
जणू दमलं की मागे जाऊन
पाचाला टेकून घ्यायचं.

गोत्रीत त्याला खोली मिळेना.
फोनवर हो म्हणणारे दारात बघून
आत्ताच गेली हो, म्हणायचे.
शेवटी फतेगंजात मॅकवान बाईंनी दिली,
अट एकच, रात्री अकरानंतर नळ सोडायचा नाही.
तिथून एकदा तो बर्फ घेऊन आला
हिरव्या जर्सीत गुंडाळून.
पाठीवर चौदा, वर अर्धं पुसलेलं नाव.
मी म्हटलं, अरे, ही?
"टॉवेल ओला होता."

रविवारी फायनल. फिट म्हणून लिहून द्या, म्हणाला.
गोळ्या लिहून द्याव्या तशी
मी वीस मिनिटं लिहून दिली, जेवणानंतर.

पोलो ग्राउंडवर पलीकडची पोरं धावत होती,
त्याच्या निम्म्या वयाची, घोड्यांसारखी.
तो धावत नव्हता.
चेंडू जिथं येणार तिथं आधीच जाऊन
उधारी वसूल करायला आलेल्या माणसासारखा
उभा राहत होता,
आणि चेंडू मुकाट्यानं येत होता.
एकदा मागं न बघता टाचेनं दिला त्यानं,
सरळ आपल्या पोराच्या पुढ्यात.
पोरानं तो बारवरून थेट जेलरोडकडे धाडला.
फॅक्सन टाळ्या वाजवत मागे आला.
माझ्या शेजारी एक काका शेंगा सोलत म्हणाले,
घरडो थई गयो.

विसावं मिनिट झालं. मी लाइनीजवळ जाऊन उभी राहिले.
त्यानं मला पाहिलं, पलीकडच्या टोकाहून
आधी पंजा दाखवला,
मग एक बोट.

मी मान हलवली.
हो की नाही, ते तेवढ्या अंतरावरून
कळण्यासारखं नव्हतं.

सोमवारी गुडघा पपनसाएवढा.
हेतल जेलची बाटली शोधत होती.
चिमो, मी म्हटलं.
"उच्चार चुकला," तो म्हणाला, डोळे मिटून,
आणि पाय उचलला.